आकड्यापुढील टिंब

मराठीत क्रम सांगावयाचा झाला की आकडा एकटा जात नाही. '१ला', '२रा', '४था', '५वा' असे प्रत्यय त्याला चिकटतात. विभक्ती आली की '३ऱ्या', '४थ्या' असे रूपही पालटते. जर्मन लेखनात हे सारे काम एक टिंब करते. ३ म्हणजे तीन. पुढे टिंब पडले की तोच तिसरा, तिसरी किंवा तिसऱ्याचा. कोणते रूप घ्यावयाचे ते वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवावयाचे. कथा-कादंबरीत हे टिंब गळाले तर वाचक सावरून घेतो. रुळांच्या आखणीच्या कागदात मात्र तेवढ्याने मार्गाचा आकारच बदलतो. तो कसा, ते पाहू.

जर्मनीतील पहिली वाफेची आगगाडी ७ डिसेंबर १८३५ रोजी न्यूरेंबर्गहून फ्यूर्थला गेली. पुढे वेग वाढले तसा वळणांचा प्रश्न उभा राहिला. सरळ रूळ एकदम वर्तुळाच्या कंसात शिरला की गाडीला बाजूचा हिसका बसतो. तो सोसावा म्हणून वळणावर बाहेरचा रूळ उंच करतात. पण ती उंचीही एकदम देता येत नाही, हळूहळू चढवावी लागते. म्हणून सरळ रेषा आणि कंस यांच्यामध्ये वक्रता क्रमाने वाढवीत नेणारा एक दुवा घालतात. त्यास संक्रमण वक्र म्हणतात.

बाहेरच्या रुळाची उंची सारख्या उताराने चढवली, तर मार्गाची रेषा तिसऱ्या घाताची अन्वस्त होते. भारतीय रेल्वेवर हाच वक्र रूढ आहे. फ्रीडरिश रोबेर्ट हेल्मेर्ट (१८४३–१९१७) यांनी १८७२ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वक्रात चढ आरंभी मंद, मध्ये तीव्र आणि शेवटी पुन्हा मंद असतो. तेथे उंचीची रेषा दुसऱ्या घाताची, तर मार्गाची रेषा चौथ्या घाताची. ब्लॉस यांच्या १९३६ च्या वक्रात हेच आकडे तिसरा आणि पाचवा असे आहेत. दोहोंत सदैव दोनांचे अंतर पडते, कारण वक्रता ही मार्गाच्या समीकरणाचे दोनदा अवकलन करून मिळते.

भाषांतरकाराची खरी परीक्षा येथेच होते. हेल्मेर्टच्या वक्रास एक लेखक 'दुसऱ्या घाताचा' म्हणेल, दुसरा 'चौथ्या घाताचा', आणि दोघेही बरोबर असतील. पहिला उंचीविषयी बोलतो, दुसरा मार्गाविषयी. पहिल्याचा 'दुसरा' दुसऱ्याच्या मार्गावर नेऊन बसवला तर काय होईल? दुसऱ्या घाताची अन्वस्त आरंभापाशी जवळजवळ वर्तुळाचा कंसच असते. म्हणजे जो हिसका टाळण्यासाठी हा खटाटोप मांडला, तोच कागदावर परत येतो!

टिंब गळाले तर घोटाळा आणखी वाढतो. जर्मन 'ग्राड' म्हणजे समीकरणाचा घात, तसाच कोनाचा अंशही. टिंबासह ३ असेल तर 'तिसऱ्या घाताचा'. टिंबावाचून असेल तर 'तीन अंश'. आणि आपल्याकडे वळणाची तीव्रता अंशांतच सांगतात. १७५० ला अंशांनी भागले की त्रिज्या मीटरमध्ये मिळते. तीन अंशांचे वळण म्हणजे सुमारे ५८३ मीटर त्रिज्येचे. अशा वेळी चुकीचे वाक्यही अगदी शहाण्यासारखे दिसते, आणि हाच खरा धोका.

'ऑर्डनुंग' या शब्दाचेही तसेच. भूमापनात पहिल्या 'ऑर्डनुंग'चे त्रिकोण म्हणजे मुख्य जाळ्यातील मोठे त्रिकोण. वक्रांत तोच शब्द घात दाखवितो, अवकल समीकरणात अवकलनाचा क्रम. हेल्मेर्ट तर १८८६ पासून प्रशियाच्या भूमापन संस्थेचे प्रमुख होते. म्हणजे रुळांचे वक्र आणि भूमीचे त्रिकोण या दोन्ही विषयांत त्यांची लेखणी चालली. एकाच लेखकाच्या लिखाणातही 'पहिली ऑर्डनुंग' सर्वत्र एका शब्दाने उतरवता येत नाही.

याबद्दल जर्मन भाषेला हसण्याचे कारण नाही. आमची 'कोटी' घ्या. ती शंभर लाखांची असते, शब्दश्लेषाची असते आणि बहुपदीचीही असते. परभाषकाने शब्दकोश उघडून यांतली कोणती उचलावी?

म्हणून क्रमवाचक आकडा समोर आला की 'कितवा?' एवढेच विचारून थांबू नये; 'कशाचा कितवा?' हेही विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर टिंब देते. दुसऱ्याचे उत्तर विषय समजल्यावाचून मिळत नाही, आणि गाडीत बसलेल्या उतारूंची सुरक्षितता त्या दुसऱ्या उत्तरावर अवलंबून असते.