एम्प्रेस मिलची हवा

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस दरबार भरून व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. त्याच दिवशी नागपुरास एक कापडगिरणी सुरू झाली आणि या योगायोगाने तिचे नाव एम्प्रेस मिल असे पडले. जमशेटजी टाटांनी १५ लाखांच्या भांडवलावर ही कंपनी १८७४ मध्ये स्थापन केली, तेव्हा मुंबई सोडून इतक्या आत जाण्याचा हा बेत पुष्कळांस वेडेपणाचा वाटला. परंतु नागपूरच्या भोवती कापूस पिकत होता, वरोऱ्यास दगडी कोळसा होता, आणि रेल्वे येऊन काही वर्षे झाली होती. जागा मात्र दलदलीची होती. ती मातीने भरून काढावी लागली. तेथील एका सावकाराने, सोने मातीत पुरण्याचा हा धंदा म्हणून भांडवल देण्याचे नाकारले होते. पुढे त्यानेच कबूल केले की, या गृहस्थाने माती पुरली आणि सोने काढले. ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण मधल्या काळात नेमके काय घडले, ते क्वचितच सांगितले जाते.

प्रारंभीची यंत्रे स्वस्तातली आणि हलक्या प्रतीची होती. व्यवस्थापक म्हणून नेमलेले बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या मालखात्यातून आलेले. सूतकताईची त्यांना माहिती नव्हती. परंतु सर्वांत मोठी अडचण माणसांची होती. कामास येणारा मनुष्य अजून शेताचा होता. पेरणी आली, कापणी आली, जत्रा भरली, घरात लग्न निघाले, की तो निघून जाई. हजेरीपटावरची नावे आणि यंत्रापाशी उभी असलेली माणसे यांचा मेळ बसत नसे. चात्या फिरत राहतात आणि तुटलेला धागा सांधणारे बोट जागेवर नसते, तेव्हा कारखान्याचे नुकसान किती होते, हे गिरणीत काम केलेल्यास सांगावयास नको.

यावर त्या काळचा सर्वमान्य उपाय म्हणजे दंड. जमशेटजींनी वेगळा विचार केला. टिकून राहणाऱ्या कामगारासाठी बक्षिसे ठेवली, खेळांचे दिवस ठरविले, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी उभा केला आणि १८९५ पासून कामावर अपघात झाल्यास भरपाई देण्यास आरंभ केला. भरपाईचा कायदा आपल्या देशात १९२३ मध्ये झाला, म्हणजे त्यानंतर २८ वर्षांनी.

आणि हवा? हा शब्द येथे मी लक्षणेने वापरीत नाही. नागपूरचा उन्हाळा कोरडा; कोरड्या हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होतो आणि धागा वारंवार तुटतो. म्हणून हवेत ओलावा राखणारी यंत्रे बसविण्यात आली. आग लागताच आपोआप पाणी शिंपडणाऱ्या नळ्याही आल्या. वायुवीजनाकडे लक्ष देण्यात आले. मात्र ओलावा हा प्रथम सुतासाठी होता, माणसासाठी नव्हे, हे लक्षात ठेवावे. लँकेशायरमध्ये विणकामाच्या दालनांत वाफ सोडण्याचा इतका अतिरेक झाला होता की, १८८९ मध्ये पार्लमेंटला कायद्याने मर्यादा घालावी लागली. सुतास मानवणारी हवा माणसास मानवतेच असे नाही.

१८९५ च्या एका भाषणात जमशेटजींनी आपली भूमिका स्पष्ट केली. आम्ही इतरांपेक्षा अधिक निःस्वार्थी किंवा परोपकारी नाही. परंतु भागीदारांचे हित ते आपलेच हित, आणि कामगारांचे आरोग्य व कल्याण हा आमच्या भरभराटीचा पाया, असे आम्ही मानतो, हा त्याचा आशय. दानशूरपणाचा आव न आणता धंद्याचे गणित म्हणून ही गोष्ट सांगणे, यातच मला त्या भाषणाचे मोल वाटते.

परंतु ते गणित खरे होते काय? गिरणी भरभराटीस आली हे निर्विवाद. श्रेय कोणाचे, हा प्रश्न मात्र सोपा नाही. लँकेशायरचे कारखानदार 'म्यूल' यंत्रास चिकटून होते, त्या काळात जमशेटजींनी अमेरिकेत विकसित झालेले 'रिंग' पद्धतीचे चाते नागपुरात चालवून पाहिले आणि त्याने उत्पादन वाढले. यशाचा मोठा वाटा त्या चात्याचा असणार. तथापि यंत्र कोणासही विकत मिळते. ते चालविण्यात मुरलेला हात मिळत नाही, आणि दर हंगामास माणूस बदलला तर हात मुरतही नाही. माझ्या मते निवृत्तिवेतनाच्या निधीने साधले ते हेच. उलट बाजूही सांगितली पाहिजे. शतकाहून अधिक काळ चाललेली ही गिरणी १९८६ मध्ये डबघाईस येऊन टाटांच्या हातून गेली. चांगल्या परंपरेने त्या वेळी तिला तारले नाही.

मुंबईत याच काळात वेगळी वाट निघाली होती. 'दीनबंधु'कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सादर केले. मागणी साधी होती: आठवड्यास एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार. रविवारची सुटी मालकसंघाने मान्य केली ती १० जून १८९० रोजी. नागपुरात जे वरून दिले गेले, ते मुंबईत खालून मागावे लागले. दिलेली वस्तू देणाऱ्याबरोबर जाऊ शकते. मागून मिळविलेल्या सुटीवर मात्र कामगाराने आपला हक्क सांगितला.

'कामगार' या एका शब्दाखाली सर्वांस सारखीच हवा मिळत होती, असेही नाही. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. तेवढ्या स्पर्शाचे निमित्त करून अस्पृश्य कामगारांस विणकामखात्यात घेत नसत, आणि अधिक मजुरी तर त्याच खात्यात होती. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर मांडला. त्या दालनाचे दार मालकाने नव्हे, तर शेजारच्या मागावर उभ्या असलेल्या कामगारानेच अडविले होते.