दगडावरील ठिपक्यापासून पिक्सेलपर्यंत

परभणी जिल्ह्यातील आमच्या लहानशा धर्मग्रामाची स्मरणिका छापून आली, तेव्हा एका आजीबाईंच्या प्रथम कम्युनियनच्या छायाचित्रात चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन उमटले होते. आजीबाईंनी पानावरून बोट फिरवीत विचारले, “फादर, ह्यात मी कुठं हाय?” नातवाने मोबाईलवरून पाठविलेले चिमुकले चित्र ओढून पानभर केले गेले होते. मुद्रिते मीच तपासली होती; तेव्हा दोष माझाही.

छापील चित्र ठिपक्यांचे असते, ही काही संगणकाची देणगी नव्हे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. त्या पद्धतीत प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागे आणि गालावरची छटासुद्धा कारागीर हाताने ठिपके देऊन दगडावर उतरवीत. हे कष्ट वाचविणारी युक्ती तोवर युरोपात निघाली होती. १८८२ मध्ये जर्मनीच्या गेओर्ग मायझेनबाख यांनी हाफटोनचे पेटंट घेतले. बारीक रेघांच्या जाळीतून छायाचित्र घेतले की गडद भागी मोठे आणि उजळ भागी लहान ठिपके पडतात. तेच धातूच्या पत्र्यावर कोरून ब्लॉक तयार होई. वृत्तपत्राच्या खरबरीत कागदाला इंचात ६५ ते ८५ रेघांची जाळी पुरे; गुळगुळीत आर्ट पेपरला १५० लागत.

१९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र प्रथम संगणकात उतरविले. त्यात १७६ गुणिले १७६, म्हणजे अवघे ३०,९७६ पिक्सेल होते, आणि प्रत्येक एकतर काळा, नाहीतर पांढरा! पुढे १९८५ मध्ये पेजमेकर आले आणि पानाची मांडणी टेबलावरच्या पडद्यावर होऊ लागली. ब्लॉक गेले, पण जाळीचे माप राहिले. जाळीच्या रेघांच्या दुप्पट पिक्सेल असावेत, असा संकेत रूढ झाला. १५० ची दुप्पट ३००. मुद्रक ‘तीनशे डीपीआय’ मागतो, ते याच हिशेबाने.

चित्र ताणले म्हणून त्यातले पिक्सेल वाढत नाहीत; आहेत तेच फुगतात. ६४० पिक्सेल रुंदीचे चित्र दोन इंचांपर्यंत शोभते, आठ इंचांवर त्याचे चौकोन होतात. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठविताना तो आणखी आकसतो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

आजीबाईंचा मूळ फोटो आता पत्र्याच्या पेटीतून निघाला आहे. रुंदी जेमतेम दोन इंच, कडा वाळवीने खाल्लेल्या. इंचाला ६०० पिक्सेल ठेवून तो स्कॅन केला. रुंदीत १,२०० पिक्सेल मिळाले. चार इंचांपर्यंत तो निर्धास्त छापता येईल.