उष्णता एंजिनाचा सिद्धांत : प्रारंभिक इतिहास

उष्णतेचे यांत्रिक कार्यात रूपांतर करणारे यंत्र म्हणजे उष्णता एंजिन होय. अशी एंजिने प्रथम वापरात आली व त्यांचा सिद्धांत नंतर निर्माण झाला. टॉमस न्यूकोमेन यांचे बाष्प एंजिन १७१२ मध्ये इंग्लंडमधील खाणींतील पाणी उपसू लागले. जेम्स वॉट यांनी १७६९ मध्ये स्वतंत्र संघनकाचे एकस्व मिळविले व त्यामुळे इंधनाची मोठी बचत झाली. तथापि ही बचत कोठपर्यंत नेता येईल, याचे उत्तर केवळ कारागिरांच्या अनुभवातून मिळण्यासारखे नव्हते.

हे उत्तर फ्रेंच अभियंते सादी कार्नो (१७९६–१८३२) यांनी १८२४ मध्ये दिले. उंचावरून पडणारे पाणी जशी पाणचक्की फिरविते, तशी उच्च तापमानाकडून नीच तापमानाकडे जाणारी उष्णता कार्य करते आणि त्या कार्याची कमाल मर्यादा या दोन तापमानांवरच अवलंबून असते, असे त्यांनी प्रतिपादन केले. मात्र उष्णता हा अविनाशी द्रायू आहे, ही त्यांनी गृहीत धरलेली कल्पना चुकीची होती. कार्य व उष्णता यांचे परस्परांत रूपांतर होते, हे जेम्स ज्यूल यांनी १८४० नंतरच्या दशकातील प्रयोगांनी दाखविले. रूडॉल्फ क्लॉसियस (१८५०) व लॉर्ड केल्व्हिन (१८५१) यांनी या दोन्ही विचारांचा मेळ घातला : उष्णतेचा काही भाग कार्यात रूपांतरित होतो व उरलेला थंड बाजूस सोडावाच लागतो. उदा., १८०° से. ला उष्णता घेऊन ४०° से. ला ती सोडणाऱ्या आदर्श एंजिनाचीही कार्यक्षमता सु. ३१ टक्क्यांहून अधिक असू शकत नाही.

मर्यादा कळल्याने सुधारणेची दिशाही कळली. कार्नो यांच्या आदर्श आवर्तनाच्या जवळ जाणाऱ्या एंजिनाची योजना रूडॉल्फ डीझेल (१८५८–१९१३) यांनी १८९३ मध्ये मांडली. तीस लागणारे प्रचंड दाब साध्य न झाल्याने ती मूळ स्वरूपात सोडावी लागली. परंतु संपीडनाने तापलेल्या हवेत इंधन पेटविण्याचे तत्त्व टिकले. १८९७ मध्ये आउग्सबुर्क येथील चाचणीत या एंजिनाची कार्यक्षमता सु. २६ टक्के भरली. तत्कालीन बाष्प एंजिनांची कार्यक्षमता यापेक्षा बरीच कमी होती.

महाराष्ट्रात या एंजिनाचा मोठा उपयोग विहिरींवरील पंपांसाठी झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात वसविलेल्या किर्लोस्करवाडीत (सांगली जिल्हा) लोखंडी नांगर व पुढे पंप तयार होऊ लागले. पंप चालविणारी डीझेल एंजिने १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या कंपनीने बनविली. वीज न पोहोचलेल्या गावांतही त्यामुळे बैलांच्या मोटेची जागा पंपाला घेता आली. न्यूकोमेन यांच्या एंजिनाप्रमाणे याही एंजिनाचे काम पाणी उपसण्याचेच होते. ठराविक तेलात किती पाणी निघू शकेल, याची अंतिम मर्यादा मात्र कार्नो यांच्या सिद्धांताने आधीच ठरवून दिली होती.