ॲबसिंथवरील बंदी

ॲबसिंथ हे वर्मवुड ही दवण्याच्या प्रजातीतील वनस्पती, बडीशेप इत्यादींपासून ऊर्ध्वपातनाने तयार होणारे तीव्र मद्य होय. त्याचा उगम अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये झाला. पुढे फायलॉक्सेरा किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्‌ध्वस्त केल्याने वाइन महागली व ॲबसिंथचा खप वाढला. मद्यपानविरोधकांबरोबरच द्राक्षबागाईतदारही त्याच्या बंदीची मागणी करू लागले.

१९०५ मध्ये झां लांफ्रे या मजुराने स्वित्झर्लंडमध्ये पत्नी व दोन मुलींची हत्या केली. त्या दिवशी तो पुष्कळ वाइनही प्याला होता. तथापि दोष ॲबसिंथला देण्यात आला. १९०८ च्या सार्वमतानुसार तेथे १९१० पासून बंदी अंमलात आली. अमेरिकेने १९१२ मध्ये व फ्रान्सने १९१५ मध्ये बंदी घातली. ब्रिटन व स्पेन यांनी मात्र ती घातली नाही.

वर्मवुडमधील थुजोन हे द्रव्य मोठ्या मात्रेत आकडी आणते. परंतु बंदीपूर्व काळातील बाटल्यांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात त्याचे प्रमाण अल्प आढळले. व्यसनींच्या विकारांचे प्रमुख कारण मद्यार्कच होता, असे त्यावरून दिसते. यूरोपीय समुदायाने १९८८ मध्ये पेयांतील थुजोनाची कमाल मर्यादा ठरविली. त्यानंतर स्वित्झर्लंड (२००५), अमेरिका (२००७) व फ्रान्स (२०११) यांनी बंदी उठवून नियंत्रणाचा मार्ग स्वीकारला.