शांत झोपलेलं बाळ : गडचिरोलीतली पिशवी आणि माओरींची टोपली

पीएच.डी.चा विषय काय, असं कोणी विचारलं की मी सांगते, ‘नवजात बाळाच्या घरगुती काळजीचा इतिहास’. त्यावरचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “यात इतिहास कसला? बाळं तर आपल्या आज्या-पणज्या वाढवतच होत्या की!” बरोबर आहे. पण त्यातली किती बाळं पहिल्या महिन्यातच गेली, याची नोंद कुठल्याच आजीने ठेवली नव्हती. आज या प्रश्नाचं उत्तर बाळाच्या झोपेवरून देऊन बघते.

मी हर्सूलला राहते. इथून जळगाव रोडने फुलंब्रीकडे निघालात, तर वाटेतल्या एखाद्या गावात आशाताईंची पिशवी बघायला मागा. त्यात वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ आणि बाळासाठी एक ब्लँकेट असायला हवं. हे ब्लँकेट तिथे कसं आलं, ती गोष्ट गडचिरोलीत सुरू होते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आधी त्यांनी मुलांच्या न्यूमोनियावर काम केलं. मग लक्षात आलं, की उरलेले मृत्यू मोठ्या प्रमाणात पहिल्या २८ दिवसांतले आहेत. म्हणून त्यांनी ३९ गावांमध्ये गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं. त्या ‘आरोग्यदूत’. १९९५-९६ मध्ये त्यांनी ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन, ठरलेल्या दिवशी, पुन्हा पुन्हा तपासणी केली. जवळजवळ सगळी बाळंतपणं घरीच झालेली. निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज होती. ते मिळाले शंभरातल्या तिघांनासुद्धा नाही.

का नाही मिळाले? दवाखाना लांब, पैसा नाही, बाळंतीण घराबाहेर पडायची नाही, ही कारणं तुम्हाला माहीत आहेत. पण आणखी एक कारण आहे आणि ते झोपेशी जोडलेलं आहे.

नवजात बाळ, त्यातही कमी वजनाचं, पटकन गार पडतं. वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त, अंगावर चरबी कमी आणि जन्मतः ते ओलं असतं. गार पडलेलं बाळ मोठ्याने रडत नाही. ते सुस्त होतं, दूध ओढायचं कमी करतं, झोपून राहतं. जंतुसंसर्ग झालेलं बाळही बऱ्याचदा असंच वागतं. घरच्यांना काय दिसतं? “किती गुणी बाळ आहे, त्रासच देत नाही!” गार पडलेलं, आजारी बाळ आणि शांत झोपलेलं बाळ लांबून सारखंच दिसतं. त्या दोघांत फरक करता येणं, हेच आरोग्यदूतांचं खरं शिक्षण होतं. रडणं क्षीण झालंय का? दूध ओढणं कमी झालंय का? अंग गार लागतंय का? हे ती आईला विचारायची आणि थर्मामीटर लावून बघायची.

मग आली ती पिशवी. कमी वजनाच्या बाळासाठी उबदार झोपायची पिशवी, टोपडं, दुपटं. जन्मल्याबरोबर बाळाला पुसून कोरडं करणं, अंघोळ लांबवणं, आईच्या कुशीत ठेवणं. यातलं बरंचसं आपल्या घरांत होतंच. कुंची होती, गोधडी होती. बाजेखाली शेगडीही होती, पण तिच्या धुराने बाळाचा श्वास कोंडायचा. पिशवीने ऊब ठेवली आणि धूर टाळला.

आकडे सांगते. या गावांत १९९३ ते ९५ मध्ये हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात जात होती. १९९७-९८ मध्ये हा आकडा २५.५ वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो जवळपास होता तिथेच राहिला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास छापून आला. मात्र हे श्रेय एकट्या पिशवीला देऊ नका. श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्गावर घरीच अँटिबायोटिकचं इंजेक्शन देणं, हेही सगळं त्यात होतं.

आता जरा लांब, न्यूझीलंडला जाऊ. तिथे प्रश्न वेगळा होता. धडधाकट बाळं रात्री झोपेतच दगावत होती. १९८७ ते ९० च्या तिथल्या अभ्यासात पालथं झोपवणं आणि आईचं धूम्रपान हे मोठे धोके ठरले. बाळाला उताणं झोपवा, असा प्रचार झाला आणि मृत्यू घटले. माओरी कुटुंबांत मात्र ते जास्तच राहिले. ‘बाळाला आपल्या अंथरुणात घेऊ नका’ हा सल्ला तिथे पटेना, कारण बाळाला जवळ घेऊन झोपणं ही त्यांची रीत. मग डॉ. डेव्हिड टिपेने-लीच आणि विणकर बायकांनी हाराकेके या वनस्पतीच्या पात्यांची टोपली पुढे आणली : वाहाकुरा. ती आईच्या अंथरुणातच ठेवायची, म्हणजे बाळ जवळही आणि त्याला स्वतःची जागाही. त्याच कल्पनेवरची प्लास्टिकची पेटी, ‘पेपी-पॉड’, पुढे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये आदिवासी कुटुंबांपर्यंत गेली.

गडचिरोलीत भीती गारठ्याची, तिकडे भीती श्वास कोंडण्याची. म्हणून एकीकडचा सल्ला उचलून दुसरीकडे जसाच्या तसा चिकटवला तर घात होतो. ‘बाळाला वेगळं झोपवा’ हे वाक्य थंडीच्या दिवसांत मेळघाटातल्या कुडाच्या घरात सांगून बघा! पण दोन्हीकडे यश मिळालं ते एकाच वाटेने. आईला बाळापासून तोडलं नाही, घरातली रीत मोडीत काढली नाही, आणि वस्तूबरोबर ती समजावणारी, आपल्यातलीच बाई दारात आली.

२०११ मध्ये नवजात बाळाची घरगुती काळजी हा कार्यक्रम केंद्र सरकारने देशभरासाठी आणला. बाळंतपण दवाखान्यात झालं तर आशाताईंच्या सहा भेटी, घरी झालं तर सात. मला यात धोका दिसतो तो हाच, की ब्लँकेट पोचतं, रजिस्टर भरलं जातं आणि भेट दोन मिनिटांत आटोपते. मग शांत झोपलेल्या बाळाकडे नीट बघणार कोण?

तुमच्या घरात किंवा शेजारी तान्हं बाळ असेल, तर एवढं करा. बाळाला उताणं झोपवा, ऊब द्या पण तोंडावर पांघरूण येऊ देऊ नका. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा दारू प्यालेल्या माणसाशेजारी बाळाला झोपवू नका. बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपतंय, दूध ओढत नाही, पोट-पाय गार लागतायत, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. आणि आशाताई आल्या तर त्यांना दारातूनच परत पाठवू नका. आत बोलवा, बाळ त्यांच्या हातात द्या.