जंजिऱ्याची फौजदारी आणि आजचा विद्यार्थी



आगरदांड्याच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर राजपुरीची खाडी आणि पलीकडच्या तीरावर दिघी. खाडीच्या तोंडाशी जंजिऱ्याचा जलदुर्ग. दोन्ही तीरांचा हा मुलूख 1948 पर्यंत सिद्दी नवाबांच्या जंजिरा संस्थानात होता. जुनी माणसे त्याला हबसाण म्हणत. या मुलखाचे नाव निघाले की आपण किल्ल्याची गोष्ट सांगतो. शिवाजी महाराजांनी तो घेण्याचा पुन्हा पुन्हा यत्न केला, संभाजी महाराजांनी 1682 साली समुद्रात दगडांचा सेतू घालायला घेतला, तरी किल्ला हाती आला नाही. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. परंतु तोफांना न नमलेल्या या संस्थानाचा एक मोठा अधिकार पुढे एका वेगळ्याच कारणाने गेला, ही गोष्ट फारसे कोणी सांगत नाही.

1818 साली पेशवाई बुडाली व कोकण कंपनीच्या हाती आले. तरी जंजिऱ्याच्या अंतर्गत कारभारात इंग्रजांनी हात घातला नाही. पन्नासएक वर्षे तेथे त्यांचा पोलिटिकल एजंटसुद्धा नव्हता. पण 1868 च्या सुमारास नवाबाच्या कारभाराविषयी, आणि विशेषेकरून पोलीस व फौजदारी न्याय यांविषयी, इतका बोभाटा झाला की मुंबई सरकारने हीच दोन खाती त्याच्या हातून काढून एजंटाकडे दिली. बाकीचा कारभार नवाबाकडे राहिला. म्हणजे पाहा, गादी राहिली, किल्ला राहिला, पण गुन्हेगाराला धरण्याचा आणि त्याचा निवाडा करण्याचा अधिकार गेला.

असे का व्हावे? सारा जड झाला तर रयत कुरकुरते, पण कसाबसा भरते. मात्र आपल्याला कोण धरील, कशासाठी धरील, आणि आपले म्हणणे कोण ऐकेल, हेच जेथे कळत नाही तेथे माणसाला रात्री झोप लागत नाही. राज्यावरचा विश्वास उडतो तो येथे.

याच सुमारास समुद्रापलीकडे मुंबईत काय चालले होते? 1855 पासून तेथे कायद्याचे वर्ग भरत होते. 1857 साली विद्यापीठ निघाले. 1862 च्या आरंभी भारतीय दंड संहिता लागू झाली, त्याच वर्षी हायकोर्ट बसले. 1866 साली महादेव गोविंद रानडे एलएल. बी. झाले, पुढे 1893 साली ते त्याच हायकोर्टात न्यायमूर्ती झाले. कोणत्या कृत्याला कोणती शिक्षा, हे छापील पुस्तकात आले होते आणि आपल्यातली मुले ते शिकत होती.

पण म्हणून इंग्रजांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. एजंट आला तो रयतेने बोलावला म्हणून नव्हे. तो जबाबदार होता मुंबई सरकारला, आगरदांड्याच्या कोळ्याला किंवा आगऱ्याला नव्हे. तेव्हा न्यायाचा अभ्यास करणाऱ्याने दोन प्रश्न नेहमी विचारावेत. नियम काय आहे? आणि नियम चालवणारा कोणाला जाब देतो?

तिसरा प्रश्न शिक्षेचा. त्याचे उत्तर दुसऱ्या एका संस्थानाने शोधले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या राज्यात, आटपाडीजवळ, 1939 साली स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची उघडी वसाहत निघाली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थांचा त्यात पुढाकार होता. तेथे भिंती नव्हत्या. कैद्यांनी शेती करावी, बायकामुलांसह राहावे, अशी योजना. व्ही. शांताराम यांचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट याच प्रयोगावरून सुचलेला. शिक्षा भोगून माणूस गावात परत येणारच आहे, तर तो कसा होऊन यावा, याचा विचार त्या प्रयोगामागे होता.

आता मुद्द्यावर येतो. गावातले एखादे पोरगे म्हणते, ‘मला गुन्हेगारीशास्त्र शिकायचंय.’ लगेच घरातून प्रश्न येतो, ‘म्हणजे तू पोलीस होणार काय रे?’ गुरुजी, येथे आपण मध्ये पडले पाहिजे. पोलिसाचे काम मोलाचे आहेच, पण वाटा अनेक आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे. विज्ञानाची आवड असेल तर न्यायसहायक विज्ञान आहे. 1 जुलै 2024 पासून जे नवे फौजदारी कायदे लागू झाले, त्यांत सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत अशा तज्ज्ञाने जागेवर जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद आहे. राज्यांनी ती पाच वर्षांच्या आत अमलात आणायची आहे. त्याला माणसे लागतील. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हा आणि न्याय हा विषय समाजकार्याच्या अंगाने शिकवतात. तिच्याच ‘प्रयास’ या उपक्रमाने 1990 पासून कोठडीतल्या व तुरुंगातल्या माणसांसाठी काम केले आहे.

या कामाची गरज किती? 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत जे कैदी होते, त्यांतले चारांतले तीन कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. त्यांतल्या कित्येकांच्या घरी जामीन म्हणजे काय, सरकारी खर्चाने वकील मिळतो तो कोठे, हे सांगणारे कोणी नसते. घटनेच्या 39-अ कलमात आणि 1987 च्या विधिसेवा कायद्यात ही मदत लिहिलेली आहे. लिहिलेले घरापर्यंत पोचवणारा शिकलेला माणूस मात्र गावातलाच हवा.

म्हणून, गुरुजी, असे एखादे पोरगे वर्गात आढळले तर त्याला किल्ल्याबरोबर 1868 ची हकीकतही सांगा, आणि त्याच्या वडिलांना बोलावून हा अभ्यासक्रम काय आहे ते समजावून द्या.