ट्रकने ठोकरल्यावर: जखमी श्रमिकाचा नुकसानभरपाईचा दावा कसा उभा राहतो

हायवेलगतच्या वस्त्यांमधून अपघाताची प्रकरणे आमच्याकडे येतात, ती बहुधा उशिरा येतात. सेंट्रिंगच्या कामावरून दुचाकीने परतणाऱ्या माणसाला ट्रक मागून ठोकतो, पायात रॉड पडतो. ट्रकमालकाचा माणूस दवाखान्यात भेटायला येतो, बिलाचा काही भाग भरतो, घरच्यांच्या हातात थोडे रोख ठेवतो आणि स्टॅम्पपेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहून सही घेतो. घरच्यांना वाटते, मालक भला निघाला. वर्षभराने कळते की त्या पायावर आता घमेले घेऊन जिना चढता येत नाही. मग ते आमच्याकडे येतात. पिशवीत दोनच गोष्टी असतात: त्या कागदाची झेरॉक्स आणि मेडिकलची फिकी पडलेली बिले.

आपल्या लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. नुकसानभरपाई म्हणजे दवाखान्याचे बिल नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६८ नुसार न्यायाधिकरणाने ‘न्याय्य’ वाटेल ती रक्कम द्यायची असते. उपचार, औषधे, ये-जा आणि सोबत राहणाऱ्या माणसाचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढे लागणारे ऑपरेशन, सोसलेली वेदना, आयुष्यातून गेलेले सुख, हे सगळे त्यात येते. पण या सर्वांहून मोठा आकडा असतो तो उरलेल्या आयुष्यात कमी होणाऱ्या कमाईचा. स्टॅम्पपेपरवर सही करताना माणूस तोच सोडून देतो.

हिशेब कसा होतो ते पाहू. समजा, जखमी बिगारी ३४ वर्षांचा आहे आणि महिन्याला १५,००० रुपये कमावतो. प्रणय सेठी निकालानुसार (२०१७) चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी किंवा ठरावीक पगाराच्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवतात. हा निकाल मृत्यूच्या प्रकरणातला असला तरी जखमींनाही ही वाढ मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने नंतर स्पष्ट केले आहे. म्हणजे महिना २१,००० आणि वर्षाला २,५२,०००. सरला वर्मा निकालातील (२००९) तक्त्यात ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६ आहे. आता कमाईची क्षमता ४० टक्के घटली असे धरले तर रक्कम होते १६,१२,८००. २० टक्केच धरली तर ८,०६,४००. पाय तोच, माणूस तोच. फरक फक्त पुराव्याचा.

म्हणून टक्क्याची भानगड नीट समजून घ्यावी. सिव्हिल हॉस्पिटलच्या प्रमाणपत्रावर ‘डाव्या पायाचे ४० टक्के अपंगत्व’ असे लिहिलेले असते. विमा कंपनीचा वकील म्हणतो, हे एका अवयवाचे झाले, संपूर्ण शरीराचे निम्मेच धरा. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की पाहायचे ते कमाईच्या क्षमतेवर काय परिणाम झाला. अपघाताआधी हा माणूस कोणते काम करत होता, आता त्यातले काय जमते, काय जमत नाही, त्याचे वय काय? खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला गुडघा न वाकल्याने जेवढे नुकसान होते, त्याच्या कितीतरी पट गवंड्याला होते. २०२० च्या एका प्रकरणात टायपिंगचे काम करणाऱ्या तरुणाचा उजवा हात गेला होता. उच्च न्यायालयाने त्याच्या कमाईचे नुकसान ४५ टक्के धरले, सर्वोच्च न्यायालयाने ते ६५ टक्के केले. हे न्यायाधिकरणाला आपोआप कळत नाही. नुसते प्रमाणपत्र जोडून भागत नाही. डॉक्टरांची साक्ष व्हावी लागते, आणि ‘हा माणूस परांचीवर चढू शकेल का, ओझे उचलू शकेल का’ हे प्रश्न त्यांना विचारले गेले पाहिजेत. साक्ष काढण्याचा आग्रह वकिलाकडे धरा.

दुसरा अडथळा उत्पन्नाचा. नाक्यावरच्या मजुराकडे पगारपत्रक कुठून येणार? २०१४ च्या एका निकालात, पाय गमावलेल्या भाजीविक्रेत्याकडे मासिक उत्पन्नाचे कागद मागण्यात अर्थ नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली. तरी रिकाम्या हाताने जाऊ नये. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी आणि त्यासाठी घेतलेला ९० दिवसांच्या कामाचा दाखला, बँकेचे पासबुक, मुकादमाच्या हजेरीवहीचे पान, सोबत काम करणाऱ्याची साक्ष यातून काम सिद्ध होते. काहीच नसेल तर किमान वेतनाची अधिसूचना तरी लावायला सांगा. घरकाम करणारी बाई जखमी झाली तर ‘ती काही कमावत नव्हती’ हे ऐकून घेऊ नका. घरातल्या श्रमालाही मोल आहे, हे न्यायालयांनी मान्य केलेले आहे.

आता मुदत. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार कलम १६६ खालचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. दावा अपघात घडला तिथेच करावा लागतो असेही नाही. अपघात सुरतजवळ झाला आणि जखमी जळगावला राहतो, तर जळगावच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा चालतो.

पोलिसांचे कामही याच कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत सांगितले आहे. तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा, जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्म १० दिवसांत द्यायचा आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत सादर करायचा. आमचा अनुभव असा की हा फॉर्म मागितल्याशिवाय हाती पडत नाही. तेव्हा कार्यकर्त्यांनी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, ट्रकच्या विम्याची आणि चालकाच्या परवान्याची प्रत मिळवावी, आणि मिळाल्यावर ती वाचावी. बंद पडलेला ट्रक रात्री रस्त्यातच उभा, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि दुचाकीस्वार जाऊन धडकला, अशा वेळी गुन्हा बहुधा दुचाकीस्वारावरच नोंदवला जातो. कलम १२२ नुसार वाहन असे धोकादायक रीतीने उभे करण्यास मनाई आहे. पंचनाम्यात दिव्यांचा उल्लेख नसेल तर त्याच आठवड्यात फोटो आणि साक्षीदार शोधावेत. ट्रक हटला की पुरावाही हटतो.

विमा कंपनीकडून लवकर पैसे देण्याचा प्रस्ताव आला तर कलम विचारा. कलम १६४ खाली गंभीर जखमीला चूक सिद्ध न करता अडीच लाख रुपये मिळतात. पण कलम १४९ च्या पद्धतीने ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा दावा संपतो. चूक सिद्ध होणारच नसेल तर अडीच लाख वाईट नाहीत. वरच्या बिगाऱ्यासारखे प्रकरण असेल तर तो घाट्याचा सौदा आहे. ट्रक ठोकून पळाला आणि सापडलाच नाही, तर गंभीर जखमीसाठी ५०,००० रुपयांची शासकीय योजना आहे. तिचा अर्ज महसूल कार्यालयात, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. उपचारांसाठी मे २०२५ पासून अपघातानंतरच्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजनाही लागू आहे. दवाखान्यात पाय ठेवताच तिच्याविषयी विचारावे.

एक गोष्ट कटू आहे, पण सांगितली पाहिजे. ६ डिसेंबरला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला अजूनही काही गावांतून माणसे मालवाहू टेम्पोत बसून निघतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे तर ट्रकमधूनच जातात. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सोडून इतर प्रवासी बसले, तर त्यांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे आशा राणी निकालापासून पक्के झाले आहे. भाडे दिले असले तरी फरक पडत नाही. काही प्रकरणांत न्यायालय विमा कंपनीला आधी पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करायला सांगते, पण तो हक्क नव्हे. उरतो तो गाडीमालक, आणि त्याच्याकडून वसुली म्हणजे पुन्हा वर्षे. गाडी ठरवणाऱ्या मंडळांनी प्रवासी परवान्याची बसच ठरवावी, वर्गणी थोडी जास्त लागली तरी चालेल. ट्रकमालकाने कामावर ठेवलेले हमाल, क्लीनर यांची गोष्ट वेगळी. त्यांना कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याचाही मार्ग आहे, मात्र दोन्हींपैकी एकच निवडता येतो.

वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून दावा अडू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला, तेव्हा जातीचा दाखला असलेले आपले लोक त्यात थेट बसतात. दाखला नसेल तर स्त्रिया, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार याच कलमात स्वतंत्रपणे आहेत. जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, किंवा १५१०० वर फोन करावा. दवाखान्याच्या दारात भेटणारा ‘इतके टक्के आमचे’ म्हणणारा एजंट टाळावा. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. कोऱ्या कागदावर सही तर अजिबात नको.

दावा चालू असताना लोकअदालतीची नोटीस येते. तिथे पैसे लवकर मिळतात हे खरे, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाच्या निकालावर मात्र ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. तडजोडीला बसण्याआधी वकिलाकडून तीन आकडे कागदावर लिहून घ्यावेत: उत्पन्न किती धरले, अपंगत्व किती टक्के धरले आणि गुणक कोणता लावला. त्यांचा गुणाकार घरी करून पाहावा आणि मगच सही करावी.